८ बाय १० चं स्वयंपाकघर, दोघींच्या उंचीत सहा इंचांचा फरक: ओटा कसा बांधावा?

रानजाई
मंडळी, नमस्कार. कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दिवाळीच्या आत नव्याने करायचं आहे. आतून माप ८ बाय १० फूट. दोन्ही लांब भिंतींना ओटे, मधून चालायची वाट आणि टोकाला ड्राय बाल्कनीचं दार. उजवी भिंत बाहेरची, तिला खिडकी आणि खिडकीखाली सिंक. डावी भिंत हॉलला लागून. ओटा कडप्प्याचा, ३० इंच उंच. खालची कपाटं पार्टिकल बोर्डची. सिंकखालची फळी फुगली आहे आणि दार लागतच नाही.

खरी अडचण उंचीची आहे. सासूबाई ४ फूट ११ इंच, सत्तरी ओलांडलेली. रोजच्या पोळ्या त्याच करतात आणि पुढेही त्यांनाच करायच्या आहेत. मी ५ फूट ५ इंच. भाजी-आमटी, डबे, भांडी विसळणं हे माझ्याकडे आणि नवऱ्याकडे. आत्ताच्या ओट्यावर माझी पाठ धरते. जिथे जिथे कोटेशन घेतलं तिथे ओटा सरसकट ३४ इंच सांगितला. तेवढ्या उंचीवर सासूबाईंना लाटायला जमणार नाही, आणि त्यांच्या हातातलं काम ओट्यामुळे सुटावं हे मला अजिबात नको आहे.

ओटा, ट्रॉल्या, साठवण, लाइटचे पॉइंट, चिमणी, सगळ्यावरच सल्ला हवा आहे.

चौरसफूट
रानजाई, कोटेशनं थोडे दिवस बाजूला ठेव. दोघींनी सरळ उभं राहून कोपर काटकोनात दुमडायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. घरात चपला घालून वावरत असाल तर चपला घालूनच मोजा.

चिरणं, निवडणं, डबे भरणं या कामांना पृष्ठभाग कोपराच्या ४ ते ६ इंच खाली लागतो. लाटताना आणि मळताना जोर वरून खाली लावायचा असतो, म्हणून आणखी थोडा खाली चालतो. शेगडीचं गणित वेगळं. ओट्यावर ठेवलेली शेगडी स्वतःच ४-५ इंच उंच, तिच्यावर कढई. म्हणजे आपण ढवळतो ती जागा ओट्यापेक्षा ९-१० इंच वर गेलेली असते. सिंकचं याच्या उलट. तिथे हात ओट्याच्या पातळीवर चालत नाहीत, ९-१० इंच खोल तळाशी चालतात. भांडी घासताना कंबर दुखते ती यामुळे.

तेव्हा शेगडी खाली हवी, सिंक वर हवं. एकसलग ३४ इंचाचा ओटा बांधायला सोपा पडतो, दगड एका पातळीत बसतो, म्हणून सगळे तोच सांगतात. तुझ्याकडे दोन ओटे मुळातच वेगवेगळ्या भिंतींना आहेत. त्यांची उंची एक ठेवायचं काहीच कारण नाही.

रानजाई
मोजलं. सासूबाईंचं कोपर ३७ इंचांवर, माझं ४१ वर.

पेठेतली
टेपने मोजलंस ते बरं केलंस, पण पोळ्या करूनही बघू दे त्यांना. डायनिंग टेबल बहुतेक ३० इंचांच्या आसपास असतं. त्यावर पोळपाट ठेवून रोजच्या सगळ्या पोळ्या लाटायला सांग, एखाददुसरी नाही. चारपाच दिवस. मग पोळपाटाखाली लाकडी पाट किंवा जाड फळी घालून तेच कर. पहिल्या दोन पोळ्यांना कोणतीही उंची बरीच वाटते. दहाव्या पोळीला खांदे काय म्हणतात ते महत्त्वाचं.

मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. आईचा अर्धा जन्म बसून स्वयंपाक करण्यात गेला, मग उभ्याचा ओटा आला, आणि तो बांधणाऱ्या गवंड्याने स्वतःच्या उंचीला बांधला. ती पायाखाली पाट घेऊन उभी राहायची. म्हातारपणी तो पाट किती धोक्याचा असतो ते मी पाहिलं आहे. तेव्हा ‘खाली पाट घेतील’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

कणीक
पेठेतली काकूंशी पूर्ण सहमत. घरी पोळ्या मी करतो, माझी उंची ५ फूट ९. एक मुद्दा जोडतो: पोळपाटाला शेगडीच्या बाजूला किमान २४ इंच मोकळा ओटा ठेवा. पोळपाट, पिठीची वाटी, लाटणाऱ्याचा हात आणि पोळ्यांचा डबा हे सगळं तिथे मावायला हवं. बऱ्याच मॉड्युलर आराखड्यांत शेगडी भिंतीच्या कोपऱ्यापासून ९-१० इंचांवर ढकललेली असते. कोपर भिंतीला आपटतं आणि तव्याचा दांडा फिरवता येत नाही.

रानजाई
काकू, तुम्ही सांगितलं तसं केलं. नुसत्या टेबलावर त्यांना शेवटी शेवटी वाकावं लागत होतं. पाट घातल्यावर खांदे वर यायला लागले. मग एक इंचाची फळी घातली, त्यावर म्हणाल्या, ‘हे बरंय, हीच उंची धरा.’ म्हणजे ३१ इंच.

चौरसफूट
छान. आता आराखडा असा बघ.

डावा ओटा, म्हणजे हॉलच्या भिंतीचा: ३१ इंच. यावर शेगडी, एका हाताला २४ इंच पोळपाटाची जागा, दुसऱ्या हाताला १८ इंच गरम भांडी उतरवायला. शेगडी ५ इंचांची धरली तर तवा ३६-३७ वर येतो, म्हणजे बरोबर सासूबाईंच्या कोपराशी. तुझ्यासाठी कढईचा काठ ४१ च्या आसपास. तुलाही वाकावं लागत नाही. शेगडीसाठी खालचा ओटा दोघींना चालतो तो असा.

उजवा ओटा, खिडकीचा: ३५ इंच. सिंक, भांडी निथळायची जागा, आणि चिरायला सलग ३६ इंच मोकळा दगड. इथे तू आणि तुझा नवरा.

एकच लक्षात ठेव: हे गणित ओट्यावर ठेवायच्या शेगडीचं आहे. दगड कापून आत बसवायची शेगडी घेणार असशील तर तिच्या जाळ्या ओट्याच्या फार वर येत नाहीत आणि सगळी बेरीज बदलते. आधी शेगडी ठरव, मग दगड.

आठ फुटांतून दोन्ही बाजूंचे २४-२४ इंच गेले की मधे ४८ इंच वाट राहते. दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करू शकतात. याहून कमी, म्हणजे ३६ च्या खाली गेलं की एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं.

बाणेरवासी
मला ही मांडणी धोक्याची वाटते. सिंक एका बाजूला आणि गॅस दुसऱ्या बाजूला म्हणजे उकळतं पाणी, भाताची पेज, कुकर हे सगळं वाटेवरून आडवं न्यायचं. आणि ती वाट ड्राय बाल्कनीला जाते. लहान मूल मधे आलं तर? आमच्याकडे सिंक, चिरायची जागा, गॅस एकाच ओट्यावर आहे आणि भांडं सरकवत नेता येतं. १० फुटांत आरामात बसतं: सिंक २४, निथळ १८, चिरायला ३६, शेगडी ३०, पलीकडे १२. झाले १२० इंच.

कणीक
पण त्यात पोळपाट १२ इंचांत आला.

बाणेरवासी
पोळपाट चिरायच्या जागेत ठेवायचा. पोळ्या आणि भाजी चिरणं एकाच वेळी होत नाही.

रानजाई
आमच्याकडे सकाळी साडेसहाला नेमकं एकाच वेळी होतं. :)

चौरसफूट
बाणेरवासींचा मुद्दा रास्त आहे, तो उडवून लावू नये. घरात तान्हं-रांगतं मूल असतं तर मीही एकाच ओट्याचा आग्रह धरला असता. इथे दोन माणसं एकाच वेळी राबतात आणि दोघांच्या उंचीत फरक आहे, म्हणून पारडं दोन ओट्यांकडे झुकतं.

धोका कमी कसा करायचा? शेगडी सिंकच्या थेट समोर न ठेवता चिरायच्या जागेसमोर ठेवायची. चिरलेली भाजी फक्त मागे वळून कढईत जाते. आणि गरम भांडं उतरवायची १८ इंचांची जागा बाल्कनीच्या दाराकडे नको, आतल्या बाजूला. फ्रिज स्वयंपाकघरात शिरायच्या दाराजवळच, म्हणजे दूध-पाण्यासाठी येणारा माणूस कामाच्या पट्ट्यात शिरत नाही.

फ्रिज, सिंक, शेगडी यांचा त्रिकोण सगळेच डिझायनर सांगतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यावर काम झालं. तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १२ ते २६ फूट असावी असा दंडक. त्याआधी १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं, म्हणजे जेमतेम ७० चौरस फुटांचं स्वयंपाकघर आखलं होतं. आगगाडीच्या भोजनडब्यातला मुदपाक त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण या दोन्ही आखण्यांत काम करणारी बाई एकटी आहे. आपल्याकडे सकाळी दोघं-तिघं असतात, तव्याशेजारी पोळपाट लागतो, मिक्सर दिवसातून अनेकदा फिरतो, आणि भांड्यांना मावशी येतात. त्रिकोण मोजून बघ जरूर, पण आधी सकाळच्या दीड तासात कोण कुठे उभं असतं ते कागदावर मांड.

पेठेतली
कागदावर तर मांडच, पण जुना ओटा फोडायच्या आधी हॉलच्या फरशीवर खडूने खऱ्या मापात काढ. तिघंजण त्यात उभे राहा आणि खोटाखोटा स्वयंपाक करा. फ्रिजचं दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं, ओव्हनचं दार पायाला लागतं का, सगळं तिथेच कळतं.

रंधा
सुतारकामात आयुष्य गेलं, तेव्हा सामानाबद्दल लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

ओट्याचा दगड. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो सांडून राहिलं की तो भाग पांढुरका, खरखरीत होतो. कितीही पॉलिश करा, आंबट पडलं की परत तेच. ग्रॅनाइटला या घरगुती आंबटाने काही होत नाही. गडद रंगाचा, १८ ते २० मिमी जाडीचा घ्या. क्वार्ट्झच्या तयार पाट्या दिसायला सुरेख असतात, पण त्यात रेझिन असतं आणि गरम कुकर थेट ठेवला तर डाग पडू शकतो. आपण कुकर शेगडीवरून उचलतो तो सरळ ओट्यावर ठेवतो. निघालेला कडप्पा टाकू नका. सिंकखाली किंवा बाल्कनीत फळी म्हणून तो पुढची कित्येक वर्षं काम देईल.

दगडवाल्याला हे आठवणीने सांगा: ओट्याच्या पुढच्या कडेला, खालच्या अंगाने, कटरने एक बारीक सलग खाच मारून घ्यायची. ओट्यावरचं पाणी कडेवरून वळून आत जातं आणि दारांवर ओघळतं. खाच असली की ते तिथेच थेंब होऊन खाली पडतं. पाच मिनिटांचं काम आहे पण प्लायचं आयुष्य वाढतं. दगड दारांच्या पुढे इंचभर काढलेला असला तरच याचा उपयोग.

कपाटं. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ पाण्याशेजारी नकोच. सिंकखाली आणि खालच्या सगळ्या कपाटांना आयएस (भारतीय मानक) ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का असलेला प्लाय वापरा, वरच्या कपाटांना आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, चालतो. एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, ओलं सोसणारा नाही. बिलावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर समाधान मानू नका, प्रत्येक पत्र्यावरचा आयएस क्रमांक वाचा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला स्वतः जा, सुतारालाही बरोबर न्या. प्लायच्या कापलेल्या कडा दिसोत न दिसोत, चारही बाजूंनी बंद करून घ्या. पाणी शिरतं ते कडेतून. सिंकखाली तर मी लाकूड कमीत कमी वापरतो: बाजूला दोन उभे पाट, तळाशी दगड, आणि फक्त दार.

पाय. कपाट जमिनीवर टेकवू नका. ४ इंचांचे प्लॅस्टिकचे पाय लावा आणि पुढची पट्टी ३ इंच आत घ्या. फरशी पुसल्याचं पाणी लाकडाला लागत नाही, आणि उभं राहताना पावलं आत जातात, त्यामुळे माणूस ओट्याच्या जवळ उभा राहतो. आजींना हे फार जाणवेल. पुढची पट्टी क्लिपवर बसवा म्हणजे काढून झाडता येते. झुरळांची वस्ती तिच्याच मागे होते.

ट्रॉल्या. तारेच्या बास्केट आणि बंद खणांचा वाद नेहमीचा. भांड्यांना तारेचं चालतं, पण त्यात वाट्या कलंडतात आणि खालच्या खणात खरकट्याचे कण पडतात. तारेची घेतलीत तर ३०४ ग्रेडचं स्टील मागा. २०२ स्वस्त असतं, पण पावसाळ्यात सांध्यांवर गंज धरतं. चुंबक लावून बघण्यावर विसंबू नका, २०२ लाही चुंबक नीट धरत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. खण ज्यावर सरकतो त्या चॅनलची वजन पेलायची क्षमता विचारा. कुकर, खलबत्ता, बिडाचा तवा एकाच खणात ठेवणार असाल तर ३० किलोचं चॅनल पुरत नाही, ५० किलोचं घ्या.

रानजाई
रंधा काका, हे सगळं छापून सुताराच्या हातात देणार आहे. खाचेबद्दल तर आजवर कुणीच बोललं नव्हतं.

खणांची उंची किती ठेवू?

रंधा
ते मी सांगण्यापेक्षा तुमची भांडी सांगतील. सगळी भांडी जमिनीवर काढा आणि उंचीप्रमाणे ढीग करा. चमचे-पळ्या-उलथनी ४ इंचांत, वाट्या-पेले-डिश ६ इंचांत, पातेली ८ मध्ये. कुकर झाकणासकट मोजा. उभ्या ठेवायच्या गोष्टी वेगळ्या: ताटं, पोळपाट, परात, चाळण्या, किसणी, बेकिंगचे ट्रे. त्यांना शेगडीच्या बाजूला ८-९ इंच रुंद, उभ्या पट्ट्यांचा एक कप्पा द्या. परातीचा व्यास मोजल्याशिवाय त्याची खोली ठरवू नका.

पेठेतली
आणि जे वर्षातून दोनदा लागतं, सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, चकल्यांचा मोठा झारा, ते माळ्यावर. एकाच पेटीत नको. दिवाळीची पेटी वेगळी, गणपतीची वेगळी. बाहेरून मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

गुलटेकडी
साठवणीबद्दल माझं थोडं. भुसार मालाच्या धंद्यात असल्यामुळे वजन आणि जागा याचा रोजचा संबंध. लोक आधी कपाट करतात आणि मग त्यात मावतील असे डबे शोधत तुळशीबागेत आणि बोहरी आळीत फिरतात. उलटं करा. महिन्याला घरात काय किती येतं ते लिहा, त्यावरून डबे ठरवा, डब्यांवरून फळी.

तांदूळ किलोला साधारण सव्वा लिटर जागा घेतो, म्हणजे १० किलोला साडेबारा लिटर, वर हात घालायला जागा धरून १५ लिटरचा डबा. गहू थोडा जास्त. तूरडाळ, साखर तांदळाच्या आसपास. कणकेचं मात्र निराळं: ती हलकी, ५ किलोला साडेआठ-नऊ लिटर लागतात, म्हणून १० लिटरचा डबा. पोहे, चुरमुरे, शेवया वजनाला काही नाहीत पण जागा भरपूर मागतात. त्यांना वरच्या कपाटात उंच डबे द्या. जड ते खाली, हलकं ते वर.

वर्षाचं धान्य भरता का? भरत असाल तर ते स्वयंपाकघरात ठेवू नका. शेगडीची धग आणि वाफ यांनी किडे लवकर लागतात. कोठी ड्राय बाल्कनीतही नको, तिथे पावसाची झड येते. बेडरूममधल्या एखाद्या कपाटाचा तळ बरा. स्वयंपाकघरात पंधरा दिवसांचं ठेवा.

रानजाई
वर्षाचे गहू भरतो, तांदूळ नाही. सासूबाईंचा आग्रह आहे.

पेठेतली
डब्यांवरून आठवलं. आमच्या वाड्याच्या भिंती हातभर जाड, त्यात फडताळं. खोली वीतभरच. एकामागे एक डबा बसायचाच नाही, त्यामुळे दार उघडलं की सगळं समोर. आता २४ इंच खोल कपाटात मागच्या रांगेतली नाचणी वर्ष वर्ष दिसत नाही आणि जाळी धरते. डब्यांची कपाटं १२ इंचच खोल कर. फ्रिजच्या शेजारी भिंत मोकळी असेल तर जमिनीपासून छतापर्यंत १२ इंचांचं उभं कपाट कर, बाई. घरात सगळ्यांत जास्त सुख तेच देईल.

चौरसफूट
काकूंचं शंभर टक्के बरोबर. ओट्यावरची कपाटंही १२ ते १४ इंचच खोल हवीत, नाहीतर डोकं लागतं. पण रानजाई, तुझ्याकडे दोन उंचीचे ओटे आहेत. सासूबाईंच्या ओट्यावरची कपाटं त्यांच्या हाताला धरून लाव, दोन्ही भिंतींची तळरेषा जुळवत बसू नको. मिसळणाचा डबा, तेल, मीठ, तूप, पिठी हे तर कपाटातही नको. डोळ्यांच्या पातळीवर एक उघडी फळी, चार-पाच इंचांची. शेगडीच्या डोक्यावर मात्र नको. ज्योतीवरून हात नेऊन काही काढावं लागू नये.

तीनफेज
वीज आणि गॅसचं लिहितो, कारण टाइल लागल्यावर हे सुचून उपयोग नाही.

इंडक्शन २००० वॅटची असली तर ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. ओव्हनही तेवढाच. दोन्ही एका सर्किटवर एकाच वेळी चालले तर १६ अँपिअरची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून १६ अँपिअरचे किमान दोन पॉइंट, दोन वेगळ्या सर्किटवर, थेट बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमच्या वायरने. फ्रिजला स्वतंत्र पॉइंट. मिक्सरला ६ अँपिअर पुरतं, पण तो चिरायच्या ओट्यावर हवा, शेगडीजवळ नको. घरघंटी, वॉटर फिल्टर, चिमणी हे पॉइंट विसरले जातात. सॉकेट ओट्यापासून ८-१० इंच वर आणि सिंकपासून दूर. करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवून घ्या. ओल्या हातांची जागा आहे ही.

उजेड. छताच्या मध्यावरचा दिवा पाठीमागून येतो आणि आपलीच सावली विळीवर, सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेशी एलईडी पट्टी लावा. ज्येष्ठांसाठी हा खर्च सगळ्यांत आधी करावा असं माझं मत आहे.

गॅस सिलिंडरचा की पाइपचा?

रानजाई
सध्या सिलिंडर. सोसायटीत पाइप गॅसची, एमएनजीएल कंपनीची लाइन आली आहे, आम्ही अजून घेतलेली नाही.

तीनफेज
मग दोन्हीची सोय ठेवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. त्याला वरच्या बाजूने वाट लागते. खिडकीचा वरचा भाग किंवा एक्झॉस्ट उघडा राहिला पाहिजे, आणि पाइप कपाटात कोंडू नका. आज सिलिंडरसाठी केलेलं कपाट उद्या कचऱ्याच्या डब्यांना किंवा उभ्या ट्रॉलीला कामी येईल अशा मापाचं करा. शेगडी घेताना दोन्ही वायूंना चालेल का विचारा. जेट बदलावे लागतात आणि ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची.

भाडेकरू
मी वारज्यात भाड्याने राहतो, तोडफोड शक्य नाही. या सगळ्यातलं मला काय करता येईल?

कणीक
तीन गोष्टी लगेच. ओटा ठेंगणा असेल तर जाड लाकडी फळीवर चिरा, उंची दोन इंच वाढते. चिकटवायची एलईडी पट्टी. आणि एक १२ इंच खोल लोखंडी मांडणी, जाताना घेऊन जाता येईल अशी.

बाणेरवासी
चिमणीबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे बसवली आहे आणि फोडणीचा ठसका हॉलपर्यंत येत नाही. रानजाईंच्या घरी गॅस आतल्या भिंतीला येणार, तर धूर बाहेर कसा काढणार?

चौरसफूट
पाइप डाव्या भिंतीवर छतालगत सरळ नेऊन बाल्कनीच्या भिंतीतून बाहेर काढायचा. ६ इंच व्यासाचा, मधे एकच वळण. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. चिमणी शेगडीच्या वर २६ ते ३० इंच आणि रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. इथे ओटा ३१ चा आहे हे बसवणाऱ्याला बजावून सांग, नाहीतर तो सवयीने जमिनीपासून मोजेल. पाइप न काढता नुसत्या कोळशाच्या फिल्टरवर चालणारी चिमणी आपल्या फोडण्यांना पुरत नाही.

पेठेतली
चिमणी लाव, पण खिडकी अडवू नकोस. खिडकीसमोर कपाट करून उजेड बंद केलेली स्वयंपाकघरं पाहिली की वाईट वाटतं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. डावा ओटा ३१, उजवा ३५, दोन्ही ग्रॅनाइट. शेगडी चिरायच्या जागेसमोर, पोळपाटाला २४ इंच. फ्रिजशेजारी १२ इंचांचं उभं कपाट. सिंकखाली लाकूड नाही. जुना कडप्पा आणि त्यावर ओल्या कचऱ्याचा डबा, सुक्याचा बाल्कनीत. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई दोन्ही वेगवेगळं मागतात. खडूचा आराखडा हॉलमध्ये काढला आहे आणि सासूबाईंनी त्यात पोळ्यांचा डबा उजवीकडचा डावीकडे घेतला.

एकच राहिलं. भांड्यांच्या मावशी बाल्कनीत खाली बसून घासतात. त्यांचेही गुडघे दुखतात. बाल्कनी ४ फूट रुंद आहे, कपड्यांचं मशीनही तिथेच आहे. त्यांच्यासाठी उभ्याने घासायची सोय करता येईल का?

रंधा
येईल, आणि करा. मशीन पुढून उघडणारं असेल तर त्याच्या शेजारी २४ बाय १८ चं, १० इंच खोल सिंक, दगडी उभ्या पाट्यांवर, लाकूड अजिबात नाही. सिंकच्या कडेची उंची मावशींच्या कोपराला धरून, आजींची मोजलीत तशीच. बाजूला १८ इंच तिरका दगड, सिंककडे उतार, म्हणजे टोपल्यातलं पाणी निथळून परत सिंकमध्ये जातं. बाल्कनीत नळ आणि नहाणीची वाट आधीच असणार, त्यामुळे पाइपचं काम थोडकं आहे.

रानजाई
मशीन पुढून उघडणारंच आहे. मावशी उद्या साडेनऊला येतील, तेव्हा मोजते.

रंधा
मोजा आणि इथेच लिहा. नळ भिंतीतून काढणार असाल तर सिंकच्या कडेपासून १२ इंच तरी वर घ्या, मोठं पातेलं खाली बसलं पाहिजे. प्लंबरला टाइलवाल्याच्या आधी बोलवा.